मधला एक ‘र’

स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच दारं होती. एक आमचं, दुसरं समोरच्या आजींचं. 2017च्या फेब्रुवारीत एका रात्री आजी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, रुग्णवाहिका येऊन त्यांना घेऊन गेली, आणि आम्हाला पत्ताच नाही. आमची झोपायची खोली मागच्या अंगाला. सकाळी दार बंद दिसलं तेव्हा वाटलं, नेहमीसारख्या थारागोथाला मुलाकडे गेल्या असतील. दहा दिवसांनी मुलाच्या आधाराने, वॉकर पुढे सरकवत त्या लिफ्टमधून बाहेर आल्या, तेव्हा सगळं कळलं.

मी रव्याचा शिरा करून घेऊन गेले. मनात एकच वाक्य होतं, आपल्याकडे कोणीही अशा वेळी म्हणतं ते: ‘अहो, कळलं असतं तर मी आले असते.’ मला स्पेनमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे माझी स्पॅनिश चालत होती. पण या वाक्यातला ‘कळलं असतं तर’ हा भाग मला जुळवता येईना. म्हणून म्हटलं, दुसरा अर्धा भाग तरी म्हणावा. मी म्हणाले, “यो आबीआ इदो आल ओस्पिताल.”

आजींचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझा हात धरला आणि भराभर बोलायला लागल्या. निम्मं कळलं, निम्मं नाही. पण एवढं कळलं, की त्या माझी माफी मागत होत्या: मला झोपेचं औषध दिलेलं असायचं गं, कोणी आलं-गेलं काही समजायचं नाही, आणि तू आली होतीस हे मला कोणी सांगितलंही नाही.

मी म्हणाले होते, ‘मी हॉस्पिटलात गेले होते.’ म्हणायचं होतं, ‘गेले असते.’ ‘आबीआ’ म्हणजे होते, ‘आब्रीआ’ म्हणजे असते. दोन्हींत एका ‘र’चा फरक. तो दुरुस्त करायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ‘सी’ म्हणाले. हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात खालच्या बेकरीतली बाई मला म्हणाली, “तू आजींना भेटायला हॉस्पिटलात गेली होतीस म्हणे, किती चांगलं केलंस.” औषधाच्या दुकानातही तेच. आजी सगळ्यांना सांगत होत्या. न केलेल्या गोष्टीचं श्रेय माझ्या नावावर जमा होत होतं, आणि दर वेळी ते ऐकताना मला घशात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. तो ‘र’ शिकायचाच, असं मी तेव्हा ठरवलं.

मी सरकारी भाषाशाळेत जात होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. वर्गात रोमेनियाच्या दोघी, मोरोक्कोचा एक सुतार, युक्रेनची एक परिचारिका आणि मी. मला हवा होता तो काळ पुढच्या पातळीवरचा, म्हणजे सहा-सात महिन्यांनी येणार होता. वर्ग संपल्यावर मी बाईंना थांबवलं आणि तोच आधी शिकवा म्हणाले. का हवाय ते त्यांनी विचारलं नाही. फळ्यावर लिहिलं: आब्रीआ, आब्रीआस, आब्रीआ, आब्रीआमोस, आब्रीआइस, आब्रीआन. आणि पुढे एक धातुसाधित: आब्लादो, कोमिदो, इदो. बोलले, जेवले, गेले. झालं, म्हणाल्या, एवढंच आहे.

रचना खरंच एवढीच आहे. ‘आबेर’ या सहायक क्रियापदातला मधला ‘ए’ गळतो, ‘आब्र’ उरतं, त्याला ‘ईआ’ लागतो, आणि जोर कायम त्या ‘ई’वर. स्पॅनिशमधल्या प्रत्येक क्रियापदाला या अर्थी हाच ‘ईआ’ लागतो, कुठेही अपवाद नाही. हा ‘ईआ’ येतो कुठून ते मला नंतर कळलं आणि तेव्हापासून हा काळ मला जास्तच आवडायला लागला. लॅटिनच्या उत्तरकाळात ‘गाणे’ या धातूपुढे ‘आबेर’चा भूतकाळ ठेवून ‘गायचं होतं’ अशा धर्तीचा प्रयोग करत. तो झिजत झिजत ‘कान्तारीआ’ झाला. जुन्या स्पॅनिशमध्ये तर हे दोन तुकडे अजून सुटे होते, मध्ये सर्वनाम बसायचं: ‘दार-लो-ईआ’, ‘ते दिलं असतं’. म्हणजे ‘आब्रीआ’ या शब्दात ‘आबेर’ दोनदा आहे, एकदा धातू म्हणून आणि एकदा शेपूट म्हणून. लोग्रोन्योपासून मोटारीने तासाभराच्या आत सान मियान दे ला कोगोयाचा मठ लागतो. तिथल्या एका लॅटिन पोथीच्या समासात कोणा भिक्षूने लोकभाषेत टिपा लिहून ठेवल्या. स्पॅनिशच्या अगदी जुन्या लिखित खुणांमध्ये त्यांची गणना होते. मी एका रविवारी तिथे जाऊन आले. डोंगर, झाडी, गार दगडी ओवरी. आपल्याकडे श्रवणबेळगोळच्या शिलालेखाविषयी आपण ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात तिथले लोक त्या समासातल्या टिपांविषयी बोलतात.

फ्रिजवर मी एक कागद चिकटवला. नियमात न बसणारी धातुसाधितं: एचो, दिचो, बिस्तो, प्वेस्तो, एस्क्रितो, आबिएर्तो, रोतो, म्वेर्तो, ब्वेल्तो. केलं, सांगितलं, पाहिलं, ठेवलं, लिहिलं, उघडलं, मोडलं, मेलं, परतलं. मराठीत आपणही ‘करलं’ म्हणत नाही, ‘केलं’ म्हणतो. ‘खालं’ नाही, ‘खाल्लं’. रोजच्या वापरातली क्रियापदंच झिजून वेडीवाकडी होतात, हे दोन्ही भाषांत सारखं. त्यामुळे यादी पाठ व्हायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो दुसऱ्याच गोष्टीला. मी लिहायचे, ‘आब्रीआ एस्क्रिता ला कार्ता’, आणि बाई शेवटच्या ‘ता’वर लाल रेघ मारायच्या. का, ते मला आधी उमगेना. मग वहीत मराठी लिहून पाहिलं: लेख लिहिला असता, चिठ्ठी लिहिली असती, पत्र लिहिलं असतं. आपलं क्रियापद कर्माच्या लिंगाकडे बघून वळतं. लिहिणारी मी असले तरी वळण चिठ्ठीचं. स्पॅनिशमध्ये ‘आबेर’ पुढे आलं की मागचं धातुसाधित हलत नाही. लेख असो, चिठ्ठी असो, ‘आब्रीआ एस्क्रितो’. माझ्या कानाला ते अपुरं वाटायचं, कोणीतरी वाक्य अर्ध्यावर सोडल्यासारखं. बाई म्हणायच्या, “‘आबेर’ असेल तर ‘ओ’. विचार करू नकोस, ‘ओ’.”

आणखी एक गोष्ट आपल्याला चुकल्यासारखी वाटते. मराठीत ‘आलो असतो’ म्हटलं की बोलणारा पुरुष, ‘आले असते’ म्हटलं की बाई. स्पॅनिशमध्ये ‘आब्रीआ बेनिदो’ मी असू शकते, तो असू शकतो, ती असू शकते. एरवी स्पॅनिश लोक ‘मी’, ‘तू’ गाळून टाकतात, पण इथे संदर्भ स्पष्ट नसेल तर ‘यो’ म्हणावं लागतं, नाहीतर कोण आलं असतं ते कळत नाही. आणि ‘येणे’सुद्धा सांभाळावं लागतं. आपण समोरच्याला म्हणतो, ‘मी तुमच्याकडे आले असते.’ स्पॅनिशमध्ये बोलणारी आत्ता जिथे उभी आहे तिथे ‘येणे’, बाकी सगळीकडे ‘जाणे’. म्हणून हॉस्पिटलच्या वाक्यात ‘इदो’ हवं, ‘बेनिदो’ नव्हे. तेवढं मात्र मी त्या दिवशी नशिबाने बरोबर बोलले होते.

उच्चाराचा भाग मी घरी केला, भांडी घासताना. आ-बी-आ, आ-ब्री-आ. बाईंनी एकदा शुद्धलेखन घातलं: ‘आब्रीआ ला प्वेर्ता’ आणि ‘आब्रीआ आबिएर्तो ला प्वेर्ता’. पहिलं ‘दार उघडत होते’, दुसरं ‘दार उघडलं असतं’. पहिलं ‘आब्रीआ’ उघडणे या क्रियापदाचं, दुसरं सहायक. लिहिताना दुसऱ्याच्या आधी एक मुका वर्ण येतो. उच्चार तंतोतंत सारखा. कानाला फक्त पुढच्या शब्दावरून कळतं. त्या दिवशी सगळ्या वर्गाचं शुद्धलेखन चुकलं.

आता ‘जर’. मराठी माणसाची खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘कळलं असतं तर गेले असते.’ दोन्ही बाजूंना ‘असतं’. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. स्पॅनिशमध्ये पारडी वेगळी आहेत. ‘जर’च्या बाजूला ‘उबिएरा’ (हेही ‘आबेर’चंच एक रूप), परिणामाच्या बाजूला ‘आब्रीआ’: ‘सी लो उबिएरा साबिदो, आब्रीआ इदो.’ मी दोन्हीकडे ‘आब्रीआ’ घालायचे, कारण माझी आईची भाषा तसंच सांगते. गंमत म्हणजे लोग्रोन्योचे लोकही तसंच बोलतात! ला रिओहा, बुर्गोस, नवारा, बास्क प्रांत, या पट्ट्यात ‘सी आब्रीआ साबिदो’ रस्त्यात सर्रास ऐकू येतं. मी बाईंना तेच दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माझे वडील जन्मभर असंच बोलले. घरात बोल, बाजारात बोल. परीक्षेच्या कागदावर लिहू नकोस.” हे उत्तर मला फार आवडलं. ‘चूक’ असं त्यांनी म्हटलं नाही.

उलट बाजूने मात्र सूट आहे. परिणामाच्या बाजूलाही ‘उबिएरा’ चालतं: ‘सी लो उबिएरा साबिदो, उबिएरा इदो.’ हे सर्वमान्य आहे, व्याकरणात बसतं, आणि मराठीच्या दोन सारख्या पारड्यांशी जुळतं. फोनवर माझी एक भाषामैत्रीण होती, मेक्सिकोतल्या पुएब्लाची. तिला इंग्रजी बोलायचा सराव हवा होता, मला स्पॅनिशचा. ती ‘आब्रीआ’ क्वचितच म्हणायची, सगळीकडे ‘उबिएरा’. तिच्याकडे शाळेत या काळाचं नावसुद्धा वेगळं: ‘आन्तेपोस्प्रेतेरितो’. हे नाव आन्द्रेस बेयो या व्हेनेझुएलात जन्मलेल्या विद्वानाच्या 1847च्या व्याकरणातलं, आणि त्यात काळाची सगळी मांडणी आहे: भूतकाळानंतरच्या एका क्षणाच्या आधीचं. स्पेनमध्ये त्यालाच ‘संयुक्त संकेतार्थ’ अशा अर्थाचं सरळ नाव आहे. मला बेयोचं जास्त पटतं. नावातच नकाशा आहे. आणि ती मैत्रीण, मी फारच ‘असतं-नसतं’ करायला लागले की म्हणायची, “एल उबिएरा नो एक्सिस्ते.” ‘उबिएरा’ नावाचं काही नसतं. आपण अशा वेळी आत्याबाईच्या मिशांवर जातो.

तिसरी एक वाट आहे आणि ती आपल्याला सगळ्यात सोपी: ‘दे आबेर्लो साबिदो, आब्रीआ इदो.’ यात ‘जर’ नाही, ‘उबिएरा’ नाही. ‘ते कळतं तर’ असा एक आखूड तुकडा. पहिले दोन महिने मी तीच वापरली.

पण या सगळ्याहून खोल फरक मला बऱ्याच उशिरा समजला. ‘पैसे असते तर घेतलं असतं’ हे मराठी वाक्य घ्या. हे आजचं आहे की गेल्या वर्षीचं? दोन्ही असू शकतं. दुकानाच्या काचेसमोर उभं राहून म्हणता येतं आणि दुकान बंद पडून दहा वर्षं झाल्यावरही म्हणता येतं. स्पॅनिश ही मोकळीक देत नाही. अजून घेता येण्याजोगं असेल तर ‘सी तुबिएरा दिनेरो, लो कोम्प्रारीआ’. वेळ गेली असेल तर ‘सी उबिएरा तेनिदो दिनेरो, लो आब्रीआ कोम्प्रादो’. प्रत्येक वेळी बाई मला एकच विचारायच्या: “तोदाबीआ से प्वेदे?” अजून जमेल का? जमणार असेल तर साधं ‘ईआ’, नसेल तर ‘आब्रीआ’. तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, ती गोष्ट संपली की नाही.

क्रोकेतास म्हणजे तिकडचे कटलेटसारखे तळलेले गोळे. एकदा मी आजींना म्हणाले, “तुमच्याकडून क्रोकेतास शिकायला मला आवडलं असतं,” आणि म्हणाले, ‘मे आब्रीआ गुस्तादो’. त्या थबकल्या. म्हणाल्या, “का? तू परत चाललीस का?” मला ‘मे गुस्तारीआ’ म्हणायचं होतं. मराठीत मी काय म्हटलं असतं? हेच. ‘शिकायला आवडलं असतं.’ आणि आपल्याकडच्या कोणत्याही आजींनी लगेच म्हटलं असतं, “मग ये की उद्या.”

त्या रात्रीपासून मी एक वही घातली. रोज झोपण्याआधी त्या दिवसाची पाच ‘असतं’ची वाक्यं, आधी मराठीत, मग बाजूला खूण: संपलं की अजून चालू. मग स्पॅनिश. बस चुकली नसती तर. आमटीत मीठ कमी पडलं असतं तर बरं झालं असतं. आईचा फोन घेतला असता तर. चाळीसेक दिवसांनी वही मागे चाळली, तेव्हा हॉस्पिटलाचं वाक्य अकरा वेळा आलेलं दिसलं. दर वेळी थोडं बदलून, आणि पुढे खूण: संपलं.

वहीत दुसरी एक गोष्ट जमत गेली. ‘आब्रीआ’ दिसलं की ‘असतं’ लिहायचं, ही सवय वाचताना मोडावी लागली. ‘क्वान्दो येगामोस, या आब्रीआन थेनादो’: आम्ही पोचलो तेव्हा त्यांची जेवणं झाली असावीत. तिथे ‘असावीत’. ‘दिहो के पारा लास ओचो आब्रीआ तेर्मिनादो’: आठपर्यंत आपलं आटोपलेलं असेल, असं तो म्हणाला. तिथे ‘असेल’, कारण मराठीत आपण बोलणाऱ्याचं बोलणं त्याच्याच काळात ठेवतो. असतं, असावं, असेल, या तिघांना स्पॅनिशमध्ये एकच शब्द, आणि संदर्भानेच ओळखायचं.

चौथं तर मला तोंडावर पाडून गेलं. एका लॅटिन अमेरिकन वृत्तपत्रात वाचलं, ‘एल मिनिस्त्रो आब्रीआ प्रेसेन्तादो सु रेनुन्सिआ’. मी नवऱ्याला सांगितलं, मंत्र्यांनी राजीनामा दिला असता. पण का दिला नाही, ते बातमीत कुठे सापडेना. दोनदा वाचून काढली. मग कळलं: ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते.’ खात्री नसलेली बातमी छापायची ही तिकडची पद्धत. स्पेनमधली शैलीपुस्तकं ती टाळायला सांगतात. मला मात्र आपलं ‘समजते’ किती चोख आहे, ते त्या दिवशी कळलं.

मे महिन्यात आजी वॉकर सोडून काठीवर आल्या आणि एका शनिवारी त्यांनी मला क्रोकेतास शिकवायला बोलावलं. मी मांस खात नाही म्हणून आळंबीचे. लोण्यावर बारीक चिरलेली आळंबी परतली, मैदा टाकला, तो खरपूस वास येईपर्यंत भाजला, आणि मग गरम दूध थोडं थोडं करत ओतायला लागल्या. लाकडी चमचा एकाच दिशेने, तळाला खरवडत. अर्धा तास तरी हलवायचं, म्हणाल्या, मिश्रण कढईच्या कडा सोडेपर्यंत. आपल्या पिठल्यासारखं, फक्त जास्त धीराचं. मी शेजारी दूध धरून उभी होते. त्या बोलत होत्या, शेजारणीचं, पावसाचं, आणि बोलता बोलता पुन्हा तेच आलं: तू हॉस्पिटलात आली होतीस.

मी दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

“नो फुई,” मी म्हणाले. मी गेले नव्हते. “आब्रीआ इदो, सी लो उबिएरा साबिदो.” कळलं असतं तर गेले असते. आणि मग पुढचं, वहीत घोटलेलं सगळं: त्या दिवशी मला ‘आब्रीआ’ म्हणायचं होतं, ‘आबीआ’ आलं, तुम्ही माझा हात धरला, आणि मला नाही म्हणता आलं नाही.

चमचा क्षणभर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चमचा पुन्हा फिरायला लागला.

“¡आबेर्लो दिचो, इहा!”

सांगायचंस की गं पोरी! अगदी तेच. ‘जर’ नाही, ‘तू’ नाही, नुसतं ‘सांगायचं’. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या तक्त्यात नव्हतं, आणि मला क्षणभरही अडलं नाही.

मग त्यांनी चमचा माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत टेकल्या, काठी मांडीवर आडवी.

“थांबू नकोस,” म्हणाल्या, “गुठळ्या होतात.”